इंजिनातील ठोक्याचा शोध : मोटारीच्या एका आवाजाचा इतिहास

प्रस्तावना

मोटारीच्या इंजिनातून अनोळखी आवाज येऊ लागला की तो कोठून येतो हे शोधण्याचे काम प्रथम कानाकडे येते. आपल्याकडील कोणत्याही जुन्या गॅरेजमधील अनुभवी फिटर इंजिन उघडण्यापूर्वी ते ऐकतो. लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या अंगावर टेकवून आणि मूठ कानाशी दाबून तो एकेका भागाचा आवाज वेगळा काढतो. टॅपेटचा आवाज बारीक, टकटक असा आणि इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या गतीने येणारा असतो, कारण झडपा दोन फेऱ्यांतून एकदाच उघडतात. झिजलेल्या बेअरिंगचा आवाज जड आणि खोल असतो, ओझे पडले की वाढतो. त्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढली की तो कमी होतो. सैल झालेला पिस्टन थंड इंजिनात खडखडतो आणि इंजिन तापल्यावर बव्हंशी गप्प होतो. ही सारी विद्या पुस्तकात फारशी उतरलेली नाही. ती उस्तादाकडून शागिर्दाकडे, कानाकडून कानाकडे गेली आहे आणि तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांनी तिची पुरेशी दखल घेतली आहे, असे म्हणता येत नाही.

या सर्व आवाजांत एक आवाज मात्र असा आहे की ज्याने कानाच्या या विद्येला प्रदीर्घ काळ चकवले. चढावर, गाडी वरच्या गिअरमध्ये असताना, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून धातूवर लहान हातोडी मारल्यासारखा तीक्ष्ण, खणखणीत ठोका ऐकू येतो. मराठी फिटर त्याला ‘नॉकिंग’ म्हणतो. आवाजांसाठी खडखड, टकटक, ठकठक, खणखण, खळखळ इतके शब्द जवळ असलेल्या भाषेने येथे परका शब्द का घेतला असावा, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला अनेकदा पडला आहे. कदाचित त्याचे कारण असे की, बाकीचे आवाज कोणत्या तरी भागाचे असतात आणि हा आवाज कोणत्याच भागाचा नसतो. इंजिन उघडले तर सुटलेला, सैल झालेला किंवा दुसऱ्यावर आदळणारा असा एकही भाग सापडत नाही. ठोका आहे, पण ठोकणारा नाही.

प्रस्तुत लेखात या ठोक्याच्या उगमाचा शोध कोणी, कोणत्या साधनांनी आणि कोणत्या गरजेपोटी घेतला, याची मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे. हा शोध सर्वसाधारणपणे एका यशाची कथा म्हणून सांगितला जातो. परंतु घटनांचा क्रम नीट लावून पाहिला असता असे दिसते की, ठोका कशाने होतो हे निर्विवादपणे कळण्यापूर्वीच तो बंद करण्याचे औषध सापडले, विकले गेले आणि जगभर पसरले. या उलट्या क्रमाची किंमत पुढे अनेक पिढ्यांनी मोजली. भारतात ती 2000 सालापर्यंत मोजली जात होती.

दोष कोणाचा?

ठोक्याचा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. प्रारंभी तो पूर्वप्रज्वलनाचा प्रकार समजला जाई. म्हणजे सिलिंडरमधील एखादा तापलेला भाग किंवा काजळीचा कण ठिणगी पडण्यापूर्वीच इंधन पेटवतो आणि वर येणाऱ्या पिस्टनला उलटा धक्का बसतो, अशी समजूत होती. केंब्रिज विद्यापीठात 1903 पासून प्राध्यापक असलेले बर्ट्रम हॉपकिन्सन यांना ही समजूत अपुरी वाटली. पूर्वप्रज्वलनाने इंजिनाची शक्ती घटते आणि आवाज बोथट येतो. हा ठोका मात्र ठिणगी पडून गेल्यानंतर येतो आणि त्याचा नाद तीक्ष्ण असतो. त्यांचे विद्यार्थी हॅरी रिकार्डो यांनी हा धागा पुढे नेला. त्यांच्या मते ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरमध्ये पसरत असताना तिच्या पुढे असलेला न जळलेला वायू दाबला जाऊन तापत जातो. शेवटच्या कोपऱ्यातील हा वायू ज्योत पोहोचण्यापूर्वी स्वतःच, एकदम आणि सर्वत्र पेटला, तर त्याच्या दाबाचा तडाखा सिलिंडरच्या भिंतीवर बसतो. जो आवाज आपण ऐकतो तो या तडाख्याने थरथरलेल्या इंजिनाचा असतो.

आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर हे स्पष्टीकरण मूलतः बरोबर ठरले आहे. पण त्या वेळी ते एक अनुमान होते. सिलिंडरच्या आत काय चालते ते कोणी पाहिलेले नव्हते.

अटलांटिकच्या पलीकडे हाच प्रश्न अगदी वेगळ्या कारणाने उभा राहिला. ओहायो राज्यातील डेटन या गावी चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने विजेवर चालणारा स्टार्टर आणि बॅटरीची प्रज्वलन-व्यवस्था तयार केली होती व 1912 च्या कॅडिलॅक गाडीत ती बसविण्यात आली. याच सुमारास ठोक्याच्या तक्रारी वाढल्या आणि त्यांचे खापर नव्या प्रज्वलन-व्यवस्थेवर फोडण्यात आले. पुढे केटरिंग यांनी शेतावरील घरांसाठी वीज निर्माण करणारे लहान इंजिन बाजारात आणले. घराजवळ पेट्रोल साठविणे धोक्याचे मानले जात असल्याने ते केरोसीनवर चालविण्याचा विचार होता. केरोसीनवर ते इंजिन भयंकर ठोकू लागले. आता ठोक्याचा उगम शोधणे ही केटरिंग यांच्यासाठी केवळ जिज्ञासेची बाब उरली नाही. आवाज इंधनातून येतो हे सिद्ध झाले तर त्यांची यंत्रे निर्दोष ठरणार होती.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबले पाहिजे. आवाजाचा उगम शोधणे आणि दोषाची जबाबदारी ठरविणे या दोन गोष्टी गॅरेजमध्येही कधी वेगळ्या नसतात. फिटर म्हणतो पेट्रोल खराब, पंपवाला म्हणतो टायमिंग चुकले आहे, मालकाला वाटते की मागच्या वेळी याच फिटरने काही तरी बिघडवून ठेवले आहे. डेटनमध्येही नेमके हेच चालले होते, फक्त व्याप मोठा होता. इंजिनाची रचना, ठिणगीची वेळ आणि इंधन या तिन्हींचा ठोक्याशी संबंध आहे. संपीडन-गुणोत्तर कमी केले, ठिणगी थोडी उशिरा पाडली किंवा दुसरे इंधन वापरले, यांपैकी कोणत्याही मार्गाने तो थांबतो. मग उगम कोठे आहे म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी उत्तर शोधणारा कोणाच्या पगारावर आहे यावरून ठरले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते उत्तर खोटे होते असे यातून सुचवायचे नाही.

रेषा आणि रंग

1916 साली केटरिंग यांनी हे काम थॉमस मिजली या तरुण यंत्र-अभियंत्याकडे सोपविले. मिजली रसायनशास्त्रज्ञ नव्हते, ही बाब पुढील घटनाक्रम समजण्यासाठी महत्त्वाची आहे. त्यांनी प्रथम कानावर विसंबणे सोडले. सिलिंडरमधील दाबाबरोबर हलणारा लहान आरसा आणि त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशकिरण अशा उपकरणाने दाबाची रेषा डोळ्यांना दिसू लागली. या रेषेवर स्पष्ट दिसले की, ठिणगी पडते, दाब नेहमीप्रमाणे चढू लागतो आणि मग ज्वलनाच्या अखेरीस एकदम टोकदार उसळी मारतो. म्हणजे ठोका पूर्वप्रज्वलनाचा नव्हता. हॉपकिन्सन यांच्या कानाने जे ओळखले होते ते आता रेषेत उमटले.

परंतु उसळी का येते? मिजली आणि केटरिंग यांनी तर्क केला की, केरोसीनचे थेंब वेळेवर वाफ होत नाहीत आणि मग एकदम वाफ होऊन पेटतात. बर्फातही फुलणाऱ्या एका रानवेलीच्या पानांची पाठ लालसर असते, तो रंग उष्णता शोषत असावा, तेव्हा केरोसीन लाल केले तर तेही उष्णता शोषून लवकर वाफ होईल, अशी ही विचारसरणी होती. प्रयोगशाळेत तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, आयोडीन होते. आयोडीन घातलेले केरोसीन इंजिनात टाकताच ठोका थांबला. नंतर खरे लाल रंग आणून पाहिले, तेव्हा काहीही फरक पडला नाही. उलट रंगहीन असलेले एथिल आयोडाइड घातल्यावर ठोका पुन्हा थांबला. रंगाचा तर्क पूर्णपणे चुकीचा निघाला, पण त्या चुकीतून एवढे कळले की अत्यल्प प्रमाणात मिसळलेला एखादा पदार्थ ठोका बंद करू शकतो.

विज्ञानाच्या लोकप्रिय इतिहासात हा प्रसंग गमतीने सांगितला जातो. प्रस्तुत लेखकाला तो दिशा बदलण्याचा क्षण वाटतो. या क्षणापासून डेटनच्या प्रयोगशाळेत ‘ठोका कोठून येतो’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘ठोका कशाने जातो’ हा प्रश्न पुढे आला. आयोडीन महाग होते आणि धातू खात होते. 1919 मध्ये ॲनिलीन सापडले. ते गुणकारी होते, पण त्याचा दर्प सहन होण्यासारखा नव्हता. सेलेनियम आणि टेलुरियमची संयुगे त्याहून गुणकारी निघाली. मात्र टेलुरियमची लसणासारखी दुर्गंधी संशोधकांच्या अंगाला आणि कपड्यांना लागली की धुऊनही जात नसे. अखेरीस मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीचा आधार घेऊन, स्तंभात खाली उतरत जड मूलद्रव्यांकडे जाण्याचे ठरले. कथिलाची संयुगे बरी निघाली. 9 डिसेंबर 1921 रोजी त्याखालच्या शिशाचे संयुग, टेट्राएथिल लेड, तपासण्यात आले. पेट्रोलच्या हजार भागांत एका भागाहूनही कमी घालून इंजिन पूर्ण शांत झाले.

त्या वेळी दुसरा उपाय उपलब्ध नव्हता असे नाही. मद्यार्क मिसळलेले पेट्रोल ठोकत नाही हे या मंडळींना ठाऊक होते. रिकार्डो यांनी इंग्लंडमध्ये सिलिंडरच्या माथ्याचा आकार बदलून, आतील वायू घुसळला जाईल आणि ज्योतीला शेवटच्या कोपऱ्यापर्यंत कमी अंतर कापावे लागेल अशी रचना याच काळात केली होती. म्हणजे यंत्र बदलण्याचा मार्गही खुला होता. परंतु मद्यार्क मोठ्या प्रमाणात घालावा लागे आणि त्यावर कोणाचा एकाधिकार सांगता येत नसे. शिसे चिमूटभर पुरे आणि त्याच्या वापराचे पेटंट घेता येई.

शांततेची किंमत

फेब्रुवारी 1923 मध्ये डेटन येथे हे पेट्रोल प्रथम विक्रीस आले. त्याचे नाव ‘एथिल’ ठेवण्यात आले. शिशाचा उल्लेख नावात नव्हता. शिसे विषारी आहे हे रोमन काळापासून ज्ञात असलेले तथ्य आहे आणि स्वतः मिजली यांनाही शिशाच्या बाधेमुळे 1923 च्या प्रारंभी काम सोडून विश्रांती घ्यावी लागली होती. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात टेट्राएथिल लेड तयार करणारे 5 कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याच महिन्याच्या 30 तारखेला मिजली यांनी वार्ताहरांसमोर तो द्रव हातावर ओतून घेतला आणि त्याचा वास घेऊन दाखविला.

20 मे 1925 रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलनी वॉशिंग्टन येथे परिषद बोलाविली. ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी या इंधनास विरोध केला. कारखान्यातील अपघात हा त्यांच्या आक्षेपाचा मुख्य विषय नव्हता. रस्त्यावरील धुरातून रोज थोडे थोडे शिसे सर्वांच्या शरीरात जाईल, हा होता. त्यानंतर नेमलेल्या समितीने ओहायोतील मोटारचालक आणि गॅरेज-कामगार यांची तपासणी केली आणि जानेवारी 1926 मध्ये या इंधनावर बंदी घालण्यास सबळ कारण नसल्याचा निष्कर्ष दिला. पुढे अधिक अभ्यास व्हावा, अशी शिफारसही केली. तो अभ्यास पुढील चार दशके मुख्यतः उद्योगाच्याच पैशाने, रॉबर्ट केहो यांच्या प्रयोगशाळेत होत राहिला. इंजिनाचे आवाज ऐकून ज्यांनी पोट भरले, त्या गॅरेज-कामगारांच्याच शरीराच्या आधारे तो आवाज बंद करणारे द्रव्य निर्धोक ठरविले गेले, ही नोंद येथे केलीच पाहिजे.

एक तांत्रिक तपशील या संदर्भात बोलका आहे. शिसे जळल्यावर त्याचे ऑक्साइड प्लगवर आणि झडपांवर साचे आणि इंजिन बिघडवी. म्हणून इंधनात ब्रोमीनचे संयुग घालण्यात आले; त्यामुळे शिसे वायुरूपाने धुराबरोबर बाहेर पडू लागले. इंजिनातून शिसे घालविण्याची काळजी अशी घेतली गेली. ते बाहेर गेल्यावर कोठे जाते हा प्रश्न कॅलिफोर्नियातील भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 1965 मध्ये उपस्थित केला. पृथ्वीचे वय शोधताना त्यांचे नमुने सर्वत्र पसरलेल्या शिशाने सतत दूषित होत होते, त्यातून त्यांचे लक्ष इकडे वळले होते.

उगम दिसतो

दरम्यान मूळ प्रश्न मागे पडला असला तरी संपला नव्हता. 1926 च्या सुमारास ग्रॅहम एडगर यांनी ठोक्याला आकडा दिला. मुळीच न ठोकणारे आयसो-ऑक्टेन 100 आणि सहज ठोकणारे हेप्टेन 0 मानून, या दोहोंच्या ज्या मिश्रणासारखे एखादे पेट्रोल ठोकते त्यातील ऑक्टेनचे शेकडा प्रमाण हा त्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक. पंपावर आज दिसणारा हा आकडा मूलतः इंजिनाला मुद्दाम ठोकायला लावून, तो ठोका मोजून काढलेला आहे. आधी तो कानाने ताडला जाई, पुढे दाबाने उडणाऱ्या लहान सळईने.

1930 च्या दशकात जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेत लॉइड विथ्रो आणि जेराल्ड रास्वायलर यांनी क्वार्ट्झच्या खिडकीतून इंजिनातील ज्योतीचे अतिजलद चित्रीकरण केले. ठिणगीपासून पसरत जाणारी ज्योत, तिच्या पुढचा काळोखा कोपरा आणि ज्योत तेथे पोहोचण्याआधी तो कोपरा एकाएकी उजळणे, हे सारे फिल्मवर दिसले. ज्या गोष्टीचे रिकार्डो यांनी अनुमान केले होते ती आता डोळ्यांनी पाहता आली. 1940 च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय वैमानिकी सल्लागार समितीच्या प्रयोगशाळेत सेकंदाला 40,000 चित्रे घेऊन हा अभ्यास आणखी पुढे गेला. तोवर शिसेयुक्त पेट्रोल विकले जाऊन दोन दशके होत आली होती.

आवाजाच्या दृष्टीने मात्र सर्वांत समाधानकारक उत्तर एमआयटीचे चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी 1935 मध्ये दिले. त्यांनी दाखविले की, ठोक्याच्या वेळी सिलिंडरमधील वायू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हिंदकळतो आणि त्याच्या कंपनाची गती सिलिंडरच्या व्यासावर व त्या तप्त वायूतील ध्वनिवेगावर अवलंबून असते. हा वेग सेकंदाला सुमारे 950 मीटर आणि व्यास 86 मिलिमीटर धरला, तर कंपनांची संख्या सेकंदाला साधारण साडेसहा हजार येते. व्यास वाढला की नाद खाली येतो. म्हणजे फिटर जो खणखणाट ऐकत होता, तो खरोखरच एका घंटेचा होता. फरक इतकाच की, वाजत होता तो आतला वायू आणि इंजिनाच्या धातूने तो नाद फक्त बाहेर पोहोचविला होता. सुटा भाग सापडत नव्हता याचे कारण हेच.

महाराष्ट्राचा संदर्भ

आपल्याकडे या इतिहासाचे प्रतिध्वनी उमटले आहेत. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात ठोकणारी गाडी ही जुन्या चालकांच्या परिचयाची गोष्ट. डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून ‘टायमिंग मागे घेणे’ हा फिटरचा ठरलेला इलाज. त्याने ठोका जाई, पण शक्ती घटे आणि पेट्रोल जास्त लागे.

ठोक्याचे दुसरे कारण भेसळ. डेटनच्या इंजिनाला छळणारे केरोसीन आपल्याकडे स्वस्त असल्यामुळे पेट्रोलमध्ये मिसळले जाई आणि अचानक ठोकू लागलेले इंजिन हा त्या भेसळीचा एक साक्षीदार असे. मिजली यांनी केरोसीनला रंग दिला तो ठोका थांबावा म्हणून. आपल्या सरकारने रेशनच्या केरोसीनला निळा रंग दिला तो भेसळ ओळखता यावी म्हणून. या भेसळीमागील अर्थकारण किती क्रूर होते हे 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ दिसले. तेलाची भेसळ रोखण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेथे जाळून मारण्यात आले.

शिशाच्या बाबतीत भारताने उशिरा, पण एकदा ठरल्यावर वेगाने पावले उचलली. 1 एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. येथेही तातडीचे कारण यंत्राचेच होते, कारण शिशाने तो कन्व्हर्टर निकामी होतो. बंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने 1990 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईसह काही शहरांत केलेल्या तपासणीत 12 वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे 10 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले. या मुलांनी इंजिनाचा ठोका कधी ऐकलाही नसेल. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर केवळ शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. जगात मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया; तेथील साठा जुलै 2021 मध्ये संपला.

शिसे गेल्यावर ऑक्टेन अंक राखण्यासाठी तेलशुद्धीकरणाच्या पद्धती बदलाव्या लागल्या आणि 1921 मध्ये बाजूला ठेवलेला मद्यार्क परत आला. 2001 साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे प्रायोगिक प्रकल्प देशात हाती घेतले गेले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे होती. साखर कारखान्यांच्या मळीला बाजारपेठ मिळावी हा त्यामागील मुख्य हेतू होता. ठोक्याचा विचार दुय्यमच. तरीही डेटनमध्ये नाकारलेला पर्याय उसाच्या प्रदेशातून पुन्हा पुढे आला, याची नोंद व्हावी.

ऐकणारा बदलतो

1970 च्या दशकाच्या अखेरीपासून मोटारींत ठोका ऐकणारे उपकरण बसू लागले. सिलिंडरच्या बाहेरील भिंतीवर बोल्टने आवळलेला दाबविद्युत् पदार्थाचा एक तुकडा, असे त्याचे स्वरूप असते. भिंत थरथरली की त्यातून लहानसा विद्युत्दाब निर्माण होतो. ड्रेपर यांच्या सूत्राने मिळणाऱ्या कंपनांच्या आसपासचा नाद तेवढा गाळून घेतला जातो, टॅपेटची टकटक आणि बेअरिंगची धमक सोडून दिली जाते आणि ठोक्याची चाहूल लागताच संगणक ठिणगी काही अंश उशिरा पाडतो. फिटर डिस्ट्रिब्यूटर फिरवून जे एकदाच करून ठेवीत असे, तेच येथे दर मिनिटाला अनेकदा, गरजेपुरते केले जाते. कोठल्याही द्रव्याची भर न घालता ठोका आवरण्याची ही रीत आहे आणि ती ठोक्याचा नाद नेमका कोठून व कसा येतो हे समजल्यामुळेच शक्य झाली आहे.

यामुळे गॅरेजमधील परिस्थिती मात्र पालटली आहे. हलके पेट्रोल भरलेली नवी गाडी आता घाटात सहसा ठोकत नाही. ती फक्त ओढत नाही आणि पेट्रोल अधिक पिते. मालक तक्रार घेऊन येतो तेव्हा त्याच्यापाशी सांगण्यासारखा आवाज नसतो. फिटर पेचकस कानाला लावतो तेव्हा त्याला टॅपेट ऐकू येतात, बेअरिंग ऐकू येतात. ठोका झाला होता किंवा नाही, हे पाहण्यासाठी त्याला स्कॅनर जोडून ठिणगी किती अंश मागे गेली आहे तो आकडा वाचावा लागतो.